भरलेल्या लाईनला आणखी किती बँडविड्थ लागेल? सांगलीतल्या एका वसतिगृहाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली परिसरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची तीन वसतिगृहं. मुलांच्या दोन इमारती शेजारी-शेजारी, अ मध्ये २३० मुलं आणि ब मध्ये २६०. मुलींची इमारत थोडी लांब, तिथे १५०. एकूण ६४० विद्यार्थी आणि वाय-फायवर नोंदवलेली उपकरणं साडेअकराशेच्या घरात. सगळ्यांना मिळून २०० एमबीपीएसची (सेकंदाला २०० मेगाबिट) एकच लीज्ड लाईन, म्हणजे संस्थेसाठी राखलेली भाड्याची जोडणी, अपलोड-डाउनलोड सारखंच. २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत हीच लाईन १०० ची होती. राउटर मायक्रोटिक कंपनीचा. दर पाच मिनिटांनी वापर नोंदवायला एका जुन्या डेस्कटॉपवर एमआरटीजी हे आलेख काढणारं सॉफ्टवेअर बसवलेलं.

ऑगस्ट २०२३ मध्ये तक्रारी वाढल्या, त्याही सगळ्या रात्री आठ ते एकच्या दरम्यानच्या. व्हिडिओ गोल-गोल फिरत राहतो, ऑनलाईन टेस्ट मध्येच तुटते, घरी व्हिडिओ कॉल लावला तर आई दिसते पण तिचा आवाज येत नाही.

सेवा देणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीचा हिशेब सरळ होता. माणशी एक एमबीपीएस म्हणजे ६४०, तेव्हा १ जीबीपीएस (१,००० एमबीपीएस) घेऊन टाका. कार्यालयाचं म्हणणं याच्या नेमकं उलट. आलेख सांगतो की तक्रारीच्या वेळात वापर ८५ च्या वर जात नाही. लाईन निम्मीही भरत नसेल तर वाढवायची कशाला?

अडचण: आलेखच चुकत होता

त्या आलेखाचा आकार नीट पाहिला असता तर शंका यायला हवी होती. संध्याकाळी वापर ११४ पर्यंत चढायचा आणि सहाच्या सुमारास धाडकन आठ-दहावर यायचा. मग पुन्हा चढून रात्री एकपर्यंत ८५ वर सपाट. रात्री अडीचला, मुलं झोपलेली असताना, एकदम ११० वर उडी.

प्रत्येक खाचखळग्याला वसतिगृहात एकेक कारण चिकटलं होतं. सहा वाजता मुलं मैदानावर जातात म्हणून उतार. अडीचला कोणीतरी टॉरंट लावतं म्हणून उडी. या दुसऱ्या समजुतीवरून रेक्टरांनी अ इमारतीतल्या दोन मुलांचं इंटरनेट पंधरा दिवस बंद केलं होतं. मुलं सांगत होती, "सर, आम्ही काहीच लावत नाही हो," पण आलेखापुढे त्यांचं कोण ऐकणार?

चूक अशी होती. एमआरटीजी राउटरच्या काउंटरला दर पाच मिनिटांनी विचारतं की आतापर्यंत किती बाइट गेले, आणि मागच्या आकड्याशी वजाबाकी करून वेग काढतं. इथे ते एसएनएमपीच्या (उपकरणांकडून अशी माहिती मागवण्याच्या पद्धतीच्या) पहिल्या आवृत्तीवर चाललं होतं, आणि त्या आवृत्तीत काउंटर फक्त ३२ बिटांचे. असा काउंटर ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५ पर्यंत मोजतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो, जुन्या स्कूटरचं मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर येतं तसा. १०० एमबीपीएसने हा फेरा पुरा व्हायला ३४३ सेकंद लागतात. दोन वाचनांत ३०० सेकंदांचं अंतर असल्यामुळे एमआरटीजीला फेरा ओळखता येतो. वेग ११४.५ च्या पुढे गेला की मात्र ३०० सेकंदांतच एक अख्खा फेरा संपतो, आणि तेवढा आकडा हिशेबातून गळून जातो.

म्हणजे खरा वेग २०० असला की आलेख २०० वजा ११४.५, साधारण ८५.५ दाखवणार. रात्रीचं सपाट ८५ म्हणजे काठोकाठ भरलेली लाईन होती. सहाची दरी म्हणजे वेगाने ११४ ची हद्द ओलांडणं, आणि अडीचची उडी म्हणजे वापर त्या हद्दीच्या खाली उतरणं. १०० ची लाईन होती तोवर आलेख बरोबर होता, म्हणून २०० झाल्यावरही कोणी त्याच्याकडे संशयाने पाहिलं नाही.

दुरुस्ती एका ओळीची. एसएनएमपीची दुसरी आवृत्ती लावायची, म्हणजे ६४ बिटांचे काउंटर वाचता येतात. एमआरटीजीच्या कॉन्फिग फाइलमध्ये टार्गेटच्या ओळीअखेर पाच कोलन आणि त्यापुढे २ लिहिलं की झालं. शंभराच्या वरची लाईन असेल आणि आलेख जुना असेल तर हे आधी तपासा. राउटरच्या स्वतःच्या स्क्रीनवरचा चालू वेग आणि आलेखातला वेग शेजारी ठेवले की पाच मिनिटांत कळतं.

भरलेली लाईन मागणी सांगत नाही

आता आलेख खरा झाला. रात्री आठ ते एक, २०० वर सपाट. पण प्रश्न सुटला नाही, उलट इथेच तो सुरू झाला.

साखर कारखान्याचं रोजचं गाळप पाहून शिवारात ऊस किती उभा आहे ते कळत नाही. गाळपाचा आकडा गव्हाणीची ताकद सांगतो. ऊस किती आलाय ते पाहायचं तर यार्डात रांगेला लागलेल्या ट्रॉल्या मोजाव्या लागतात. लाईनचं तसंच आहे. २०० वर सपाट रेघ म्हणजे मागणी २१० असेल किंवा ५००, रेघ सारखीच दिसते. शिवाय मागणी स्वतःला आखडून घेते. गर्दी झाली की टीसीपी (डेटा पोचवण्याची नियमावली) वेग कमी करतं, व्हिडिओचा दर्जा १०८० वरून ४८० वर उतरतो, आणि काही मुलं कंटाळून स्वतःच्या मोबाइल डेटावर जातात. त्यांची मागणी तर कुठेच उमटत नाही.

इथे रांग मोजायची ती पिंगने, म्हणजे एक छोटा संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते पाहून. राउटरवरून कंपनीच्या पहिल्या गेटवेला (बाहेरच्या वाटेवरच्या पहिल्या उपकरणाला) दर सेकंदाला पिंग लावून नोंद ठेवली. दूरच्या सर्व्हरला पिंग केलं तर पुढच्या वाटेवरचा उशीरही त्यात मिसळतो, म्हणून पहिलाच टप्पा घ्यायचा. दुपारी ३ मिलिसेकंद, रात्री साडेदहाला २००. २०० एमबीपीएसच्या लाईनवर ०.२ सेकंदांचा उशीर म्हणजे ४० मेगाबिट, म्हणजे ५ एमबी डेटा रांगेत ताटकळलेला. ट्रॉल्या यार्डात मावत नव्हत्या. पण लाईन कमी पडते एवढंच यातून कळतं, किती कमी पडते ते नाही.

समोरचे पर्याय

सरळ १ जीबीपीएस घेणं. माणशी एक एमबीपीएस या हिशेबात सगळी ६४० मुलं एकाच क्षणी डेटा ओढतात असं धरलेलं असतं, जे कधीच होत नाही. शिवाय वर्षाचा करार, त्यावर १८ टक्के जीएसटी. न लागणाऱ्या बँडविड्थचे पैसे वर्षभर भरत राहायचे.

स्वस्त घरगुती ब्रॉडबँड जोडून भार वाटणं. हा पर्याय लवकर बाद झाला. वसतिगृहाचा सरासरी वापर ११० एमबीपीएस होता, म्हणजे दिवसाला १.२ टीबीच्या आसपास. अनेक घरगुती प्लॅनची महिन्याची मर्यादा ३,३०० जीबी असते. निम्मा भार दिला तरी ती आठवड्यात संपते. आणि असे प्लॅन संस्थेच्या वापरासाठी नसतातच.

प्रत्येक उपकरणाला २ एमबीपीएसची मर्यादा. ४१० उपकरणं चालू असताना तीही ८२० होते, म्हणजे गर्दीत उपयोग शून्य, आणि पहाटे रिकाम्या लाईनवर मात्र बिचाऱ्या मुलाला उगाच २ वर अडवायचं.

कॅशिंग प्रॉक्सी, म्हणजे एकाने उतरवलेलं साठवून पुढच्याला तिथूनच देणं. पूर्वी कामाची होती. आता जवळजवळ सगळं एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद (एन्क्रिप्टेड), असल्याने साठवण्यासारखं हाती लागतच नाही.

दुसऱ्या कंपनीची २०० ची वेगळी लाईन. यात एक बंद पडली तर दुसरी चालू राहते हा फायदा खरा. पण ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून गेली होती हे लक्षात ठेवून दोन्ही फायबर कुठून येतात ते पाहिलं, तर शेवटचे दीड किलोमीटर त्याच खांबांवरून. मग दोन बिलं भरून सुरक्षितता फारशी मिळणार नव्हती.

आधी अंदाज, मग थोड्या दिवसांची चाचणी, मग करार असं ठरलं.

अंदाज: लाईन मोकळी असताना माणशी किती?

यातली युक्ती अशी की लाईन भरलेली नसते त्या वेळी कोणाची मागणी आखडलेली नसते. त्या वेळचा दरडोई वापर काढायचा आणि गर्दीच्या वेळच्या डोक्यांनी गुणायचा. "चालू उपकरण" कशाला म्हणायचं ते आधी पक्कं केलं: पाच मिनिटांत १ एमबीपेक्षा जास्त डेटा घेणारं. नुसती वाय-फायला जोडलेली उपकरणं मोजली तर खिशातले फोनही मोजले जातात. ही मोजणी राउटरच्या नेटफ्लोवरून (कोणत्या उपकरणाने किती डेटा घेतला या नोंदीवरून) निघते.

पहिला आठवडा वाया गेला. १८ सप्टेंबरला मोजणी सुरू केली आणि १९ ला गणेश चतुर्थी. निम्मं वसतिगृह गौरी-गणपतीला गावी. मोजणीचा आठवडा निवडताना वेगाआधी दिनदर्शिका पाहावी. दुसरी मोजणी ३ ते ७ ऑक्टोबर.

संध्याकाळी सहा ते सात: १६५ चालू उपकरणं, १२४ एमबीपीएस, म्हणजे उपकरणामागे ०.७५. रात्री सव्वा वाजता, लाईन नुकतीच मोकळी झाल्यावर: १९० उपकरणं, १८२ एमबीपीएस, म्हणजे ०.९६. गर्दीच्या टोकाला, साडेदहाला, ४१० उपकरणं.

४१० गुणिले ०.७५ म्हणजे साधारण ३१०. ४१० गुणिले ०.९६ म्हणजे साधारण ३९५.

दोन्ही आकडे एकेका बाजूला झुकलेले आहेत. सहा वाजता बरेच फोन फक्त निरोप घेत असतात, म्हणून ०.७५ कमी. रात्री एकनंतर जागे असतात ते मन लावून व्हिडिओ पाहणारे, म्हणून ०.९६ जास्त. खरी मागणी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. एवढ्यानेच १ जीबीपीएस बाद झालं, आणि ३०० पुरणार नाही हेही दिसलं.

९५ वा शतमक इथे मुद्दाम वापरला नाही. महिन्यात पाच मिनिटांची ८,६४० वाचनं असतात. त्यातली वरची पाच टक्के सोडली की ३६ तास सुटतात, म्हणजे रोज सव्वा तासाला थोडा कमी. वसतिगृहाची खरी गर्दी नेमकी त्याच सव्वा तासात असते. बिल आकारायला तो आकडा चालतो, लाईन ठरवायला नाही.

तात्पुरता दिलासा: रांग आपल्या हातात घेणं

वाचनं घेऊन झाल्यावर, ९ ऑक्टोबरला, राउटरवर केक नावाचं क्यू, म्हणजे डेटाची रांग सांभाळणारी व्यवस्था, लावलं. मायक्रोटिकच्या ७ व्या आवृत्तीत ते येतं. मर्यादा १९० ठेवली, लाईनपेक्षा पाच टक्के कमी, म्हणजे रांग कंपनीच्या उपकरणात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते आणि तिथे ती सगळ्यांत सारखी वाटता येते. पहिल्या दिवशी काहीच फरक पडला नाही. फास्टट्रॅकचा (डेटा जवळच्या वाटेने पुढे काढण्याचा) नियम चालू होता, आणि फास्टट्रॅकमधून गेलेली कनेक्शन सिंपल क्यूला, म्हणजे आपण लावलेल्या रांगेला, बगल देतात. तो नियम बंद केल्यावर रात्रीचा पिंग २०० वरून २५ वर आला. कॉल चालू लागले. व्हिडिओ मात्र ३६० लाच राहिले, कारण १९० चे ४१० वाटे केले तर वाट्याला अर्धा एमबीपीएसही येत नाही.

क्रम महत्त्वाचा होता. क्यू आधी लावलं असतं तर पिंग खाली आला असता आणि लाईन भरल्याची खूणच पुसली गेली असती. हाच विचार करून चाचणीच्या काळात क्यू बंद ठेवलं.

चाचणी आणि निळी जोडी

कंपनीने १६ ऑक्टोबरपासून त्याच फायबरवर ३०० करून दिलं. सोमवार-मंगळवार दोन्ही रात्री वापर २८७ वर थांबला आणि पिंग ८ च्या आत. कार्यालयातून लगेच विचारणा झाली, मग ३०० च घेऊ या का?

पण ब इमारतीतून तक्रारी वाढल्या होत्या. त्या इमारतीच्या पोर्टचा आलेख वेगळा काढला तर रात्रभर ९८ वर सपाट, आणि तारेने जोडलेल्या लॅपटॉपवर स्पीड टेस्ट ९४. हे आकडे ओळखीचे आहेत. १०० एमबीपीएसच्या इथरनेट पोर्टवर हेडर (डेटाच्या पाकिटावरचा पत्ता) वगैरे जाऊन हाती ९४ उरतात, आणि पोर्टचा काउंटर हेडरसकट मोजतो म्हणून ९८ दाखवतो. पोर्ट गीगाबिटचा (१,००० एमबीपीएसचा) असूनही १०० वर जुळला होता.

ब इमारतीकडे जाणारी सत्तर मीटरची कॅट-६ केबल टेस्टरला लावली. चौथा आणि पाचवा दिवा लागेना. केबलच्या टोकाचा आरजे-४५ कनेक्टर उजेडात धरला तेव्हा दिसलं: निळी आणि पांढरी-निळी तार दोन मिलिमीटर आखूड, पिनच्या दातांपर्यंत पोहोचलेलीच नाही. गीगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. १०० ला दोनच पुरतात, त्या शाबूत होत्या, म्हणून लिंक चालू राहिली. २०० च्या लाईनवर ब चा वाटा ८० च्या आसपासच येत असल्याने हा दोष कधी पुढे आलाच नव्हता. कनेक्टर कापून नवा क्रिम्प केला. काम दहा मिनिटांचं, पण चाचणीचे दोन दिवस गेले.

१८ तारखेच्या रात्री ३०० ची लाईन सपाट भरली, पिंग १४०. १९ ला पुण्यात भारत–बांगलादेश सामना असल्याने ती रात्र धरली नाही. २० पासून ४०० केलं. मध्येच शनिवार-रविवार जोडून दसरा, २४ तारखेला. पुन्हा मुलं गावी. कंपनीने मुदत २९ पर्यंत वाढवून दिली नसती तर हाती काहीच लागलं नसतं.

स्वच्छ रात्री तीनच मिळाल्या, २५, २६ आणि २७. टोक अनुक्रमे ३५२, ३४१ आणि ३४७. पिंग ६ च्या आत. एका मिनिटाच्या वाचनात सर्वांत वरचं ३७१. रविवारी २९ ला भारत–इंग्लंड सामना होता. विश्वचषक फोनवर फुकट दिसत होता, आणि त्या रात्री लाईन चाळीस मिनिटं ३९८ वर सपाट, पिंग ६० वर.

निर्णय

सामन्याच्या रात्रीसाठी लाईन घ्यायची नाही, असं ठरलं. वर्षातून मोजक्या रात्री व्हिडिओ एक पायरी खाली येईल, तेवढं चालेल. नेहमीच्या रात्रीचं टोक ३५२ धरलं.

३५२ ला ४०० पुरतील की ५०० हवेत यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. पाच मिनिटांच्या सरासरीत सेकंदा-सेकंदाच्या उसळ्या दडलेल्या असतात, म्हणून क्यूची व्यवस्था नसेल तर टोक लाईनच्या पाऊण हिश्शाच्या वर जाऊ देऊ नये. त्या नियमाने ४७० लागतात, म्हणजे ५०० चा टप्पा. केक लावलेलं असताना नव्वद टक्क्यांपर्यंत भरलेली लाईनही नीट वागते. त्या हिशेबाने ४०० पुरतात. एक टप्पा वाचला तो क्यूमुळे, आणि कोणी उद्या फास्टट्रॅक पुन्हा चालू केलं तर तो टप्पा हातचा जाईल. म्हणून राउटरच्या खोलीत तसा कागदच चिकटवला.

जून २०२४ मध्ये नवी इमारत, १२० मुलं येणार होती. ३५२ ला ७६० ने गुणून ६४० ने भागलं की ४१८, आणि नव्वद टक्क्यांच्या नियमाने ४६५. म्हणून करारात एक कलम घातलं: वर्ष पुरं होण्याआधी ५०० वर जायचं झाल्यास नवा करार नाही, इन्स्टॉलेशनचं शुल्क नाही, फक्त फरकाचं भाडं.

परिणाम

नोव्हेंबरपासून ४०० ची लाईन, क्यू ३८० वर. दिवाळीनंतरच्या पहिल्या पूर्ण आठवड्यात रात्रीचा पिंग ११ च्या वर गेला नाही. टोक ३५८.

अ इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या तक्रारी मात्र तशाच राहिल्या. तिथे बावीस खोल्यांना व्हरांड्यातला एकच ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारं यंत्र), आणि २.४ गीगाहर्ट्झवर चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ लावलेली, म्हणजे शेजारच्या मजल्यांशी सतत धक्काबुक्की. रुंदी २० केली, मजल्यांना १, ६, ११ असे चॅनेल वाटले, आणखी दोन ॲक्सेस पॉइंट लावले. लाईन कितीही वाढवली असती तरी हा त्रास गेला नसता.

त्या दोन मुलांना रेक्टरांनी बोलावून घेतलं, जुना आणि नवा आलेख शेजारी ठेवून दाखवला आणि "चूक आमच्याकडून झाली" असं सांगितलं.

काय वेगळं करता आलं असतं

चाचणी सुरू करण्याआधी प्रत्येक इमारतीच्या पोर्टचा लिंक वेग पाहायला हवा होता. मायक्रोटिकवर एका पडद्यावर तो दिसतो. मुख्य लाईन रुंद केली की आतली अरुंद जागा उघडी पडते, हे गृहीत धरूनच चाचणीला उतरावं. नाहीतर ३०० वर करार झाला असता आणि जानेवारीत पुन्हा हीच बैठक बसली असती.

चाचणीचा महिनाही चुकला. नवरात्र, दसरा, विश्वचषक असं सगळं एकदम आलं आणि चौदा दिवसांतले तीनच कामाचे ठरले. डिसेंबरचा पहिला पंधरवडा निवडला असता तर एवढी गाळणी करावी लागली नसती. पण मुलांना आणखी दोन महिने थांबवणं योग्य नव्हतं, त्यामुळे याबाबत आमचं मत आजही ठाम नाही.

मोबाइल डेटावर गेलेली मुलं परत येतील हे अंदाजात धरलं नव्हतं. साडेदहाची चालू उपकरणं ऑक्टोबरात ४१० होती, जानेवारीत ४४५ झाली. आपल्याकडे लाईन सुधारली की पंधरा-वीस दिवसांत गिऱ्हाईक वाढतं. मोजलेल्या डोक्यांत आठ-दहा टक्के आधीच मिळवून ठेवावेत.

जुलै २०२४ मध्ये नवी इमारत भरल्यावर कलमानुसार लाईन ५०० केली. ऑगस्टच्या पहिल्या पूर्ण आठवड्यातलं टोक ४४१, क्यू ४७५ वर. नव्या इमारतीच्या केबलचे आठही दिवे टेस्टरवर लागल्यावरच ती स्विचला जोडली.